मामांचं पोर्ट्रेट: टोपी, कपाळ आणि उजेड-सावलीचा हिशोब

५ मे

थोरले मामा महिनाभर आमच्याकडे पुण्यात आहेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, उन्हात जायचं नाही, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, त्यामुळे एरवी शेतावर सापडणारा माणूस आयता खुर्चीत बसलेला मिळालाय आणि असा चान्स परत कधी येणार म्हणून कॅनव्हास काढलाच. पांढरी टोपी, पांढरा सदरा, पिकलेल्या मिशा आणि रंग पक्का सावळा, त्यात उन्हाने रापलेला. मला सगळ्यात इंटरेस्ट आहे तो टोपी आणि कपाळ जिथे एकमेकांना टेकतात त्या दोन-तीन इंचांत.

या नोंदी फक्त ब्लॉक-इनच्या. म्हणजे उजेड आणि सावलीचे मोठे आकार योग्य टोनमध्ये (टोन म्हणजे किती गडद, किती फिकट) बसवायचे आणि थांबायचं, एवढंच. मामांच्या पापण्या, मिशीचे केस, कानातली भिकबाळी वगैरे इथे सापडणार नाही.

सामान: १८ बाय २४ इंचाचा कॉटन कॅनव्हास, जेसो म्हणजे पांढरं अस्तर मारलेला, त्यावर रॉ अंबर हा मातकट तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून लावलं आणि फडक्याने पुसून मधला टोन केला. कोऱ्या पांढऱ्या कॅनव्हासवर पहिला फटकारा कुठलाही मारा, तो गडदच वाटतो, आणि मग हात आपोआप सगळं फिकट करत जातो. सावळ्या चेहऱ्याच्या बाबतीत तर हे हमखास होतं. अंबरचा दुसरा फायदा म्हणजे त्यात मँगनीज असतं त्यामुळे ते लवकर वाळतं, मेमध्ये तर रात्रभरात हाताला कोरडं लागलं.

६ मे

आज ब्रश हातात घेतलाच नाही, दिवस खिडकीवर गेला.

उत्तरेची खिडकी घ्या, उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा असतो, असं सगळेच सांगतात. युरोपात ते खरंच आहे, कारण तिकडे सूर्य दुपारी कायम दक्षिणेलाच असतो. पुणे साधारण साडेअठरा अक्षांशावर आहे. इथे १३-१४ मेच्या सुमारास शून्य सावलीचा दिवस येतो आणि त्यानंतर जुलै संपेपर्यंत भर दुपारचा सूर्यसुद्धा डोक्यावरून थोडा उत्तरेकडे झुकलेला असतो. आणि सकाळ-संध्याकाळचं म्हणाल तर मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत सूर्य ईशान्येच्या बाजूने उगवतो आणि वायव्येच्या बाजूने मावळतो, म्हणजे या दिवसांत उत्तरेच्या खिडकीत तिरपं ऊन येणार म्हणजे येणारच. आमच्या खिडकीत साडेआठ-पावणेनऊपर्यंत एक पिवळी तिरीप असते, मग सूर्य वर चढला की छज्जा ती अडवतो, आणि चारनंतर दुसऱ्या बाजूने परत येते. म्हणजे नऊ ते चार. त्यातली दुपार मामांच्या झोपेची. उरले सकाळचे दोन तास, ते भरपूर झाले.

एक गोष्ट मात्र मेमध्ये हिवाळ्यापेक्षा बरी. समोरच्या बिल्डिंगची आमच्याकडे तोंड केलेली भिंत दक्षिणमुखी आहे, डिसेंबरात ती दिवसभर उन्हात चमकते आणि तिचा पिवळसर उजेड आमच्या खोलीत येतो. आत्ता ती सावलीत आहे, त्यामुळे खोलीत येतो तो बराचसा आभाळाचाच उजेड, निळसर आणि शांत.

खिडकीचा खालचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकला. उजेड वरून तिरका आला की भुवईखाली, नाकाखाली, खालच्या ओठाखाली सावलीचे नीट आकार मिळतात. पूर्ण खिडकी उघडी ठेवली की हे सगळे आकार खालून धुतल्यासारखे फिके होतात.

७ मे

रंग आधीच मिक्स करून ठेवले. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन मिळून जवळजवळ काळा होतो, त्यात टिटॅनियम व्हाइट वाढवत नेलं. पॅलेट म्हणजे टेबलावरची काच आणि तिच्याखाली राखाडी कागद. पांढऱ्या पॅलेटवर मिक्स केलेला टोन कॅनव्हासवर गेला की वेगळाच दिसतो.

टोन मोजायचं स्केल मन्सेल या अमेरिकन चित्रकाराचं. शून्य म्हणजे काळा, १० म्हणजे पांढरा, मध्ये डोळ्याला सारख्या वाटतील अशा पायऱ्या. यातली ५ नंबरची पायरी, म्हणजे डोळ्याला बरोबर मधली वाटते ती, प्रत्यक्षात तिच्यावर पडलेल्या उजेडातला साधारण २० टक्केच परत पाठवते. ५० टक्के पाठवणारा राखाडी आपल्याला चांगला फिकट, साडेसातच्या आसपास दिसतो. हा आकडा डोक्यात ठेवा, पुढे टोपीचा सगळा खेळ यावरच आहे.

कॅनव्हासवर वापरायला फक्त २, ३, ४, ५, साडेसहा आणि साडेआठ एवढेच ढीग ठेवले. साडेआठच्या वर काही नाही, ते शेवटासाठी राखून.

८ मे

मामा बसले. 'हलू नका' म्हटलं की ते श्वाससुद्धा रोखून धरतात, त्यामुळे आता 'हलू नका' म्हणतच नाही, रेडिओ लावते आणि मान आपोआप एका जागी राहते.

कोळशाने डोक्याचा ढाचा, टोपीचं टोक, हनुवटी, कानाची जागा, खांद्याची तिरकी रेघ. मग लगेच सावलीचा आकार. बाकी काही नाही, सावलीची हद्द. उजेड मामांच्या डावीकडून वरून येतोय, तर टोपीच्या टोकापासून सावली सुरू होते, कपाळाच्या कडेने उतरते, भुवईपाशी आत वळते, डोळ्याची खोबण घेते, गालफडाच्या हाडावरून परत बाहेर, मग गालाचा खड्डा, जबडा, मान, सदऱ्याची कॉलर. ही सगळी एकच सलग रेघ आहे आणि ती डोळे बारीक केल्याशिवाय दिसत नाही. पापण्या इतक्या मिटायच्या की मामांचे डोळे, सुरकुत्या, मिशीचे केस सगळं विरघळून फक्त दोन डाग उरले पाहिजेत.

सावलीचा अख्खा आकार ३ नंबरने भरला, टोपी, चेहरा, मान, सदरा सगळ्यांवरून, ८ नंबरच्या फिल्बर्ट हॉग ब्रशने (गोलसर टोकाचा, राठ केसांचा; हा ८ ब्रशचा, टोनचा नाही), टर्पेंटाइन घालून पातळ. उजेडाच्या भागात कॅनव्हासचा टोन तसाच. या स्टेजला मामी आत डोकावून गेल्या, 'अगं हे तर कुणीपण असू शकतं' म्हणाल्या. बरोबर आहे, पण फिरून बाहेर जाता जाता परत वळून म्हणाल्या, 'बसायची ढब मात्र त्यांचीच हो.' ढब मिळाली तर बाकीचं मिळतं.

१० मे

आता टोपी.

ब्लॉक-इन शिकवताना एक नियम सगळेच सांगतात: सावलीतला सगळ्यात फिकट टोन हा उजेडातल्या सगळ्यात गडद टोनपेक्षा गडदच असला पाहिजे. दोन घराणी, उजेडाचं आणि सावलीचं, एकमेकांत मिसळायची नाहीत. नियम चांगला आहे आणि प्लॅस्टरच्या डोक्यावर शंभर टक्के लागू पडतो, कारण प्लॅस्टरचं डोकं अख्खं एकाच रंगाचं असतं. मामांचं तसं नाही.

आकडे टाकून बघू. धुतलेली पांढरी टोपी समजा ८० टक्के उजेड परत पाठवते, मामांचं कपाळ समजा २० टक्के. आणि सावलीच्या बाजूला उजेडाच्या चौथाई उजेड पोचतोय असं धरू. मग:

उजेडातली टोपी ८०, म्हणजे मन्सेलवर ९.
सावलीतली टोपी ८० चा चौथा हिस्सा २०, म्हणजे ५.
उजेडातलं कपाळ २०, म्हणजे ५.
सावलीतलं कपाळ ५, म्हणजे अडीचच्या आसपास.

म्हणजे सावलीतली पांढरी टोपी आणि उजेडातलं सावळं कपाळ, दोघांचा टोन एकच! आणि हे कागदावरचं गणित नाही, डोळे बारीक करून बघितलं तर कपाळ आणि टोपीची सावलीतली घडी खरंच एकमेकांत मिसळून जातात, मधली शिवण दिसेनाशी होते. डोळे पूर्ण उघडले की मेंदू लगेच ओरडतो, अगं ती टोपी आहे, पांढरी आहे, आणि हात पांढऱ्याकडे जातो.

गोऱ्या चेहऱ्यांवर शिकवलेल्या व्हिडिओंमध्ये हा प्रश्न सहसा येतच नाही, तिथे उजेडातली कातडी ७ च्या आसपास असते त्यामुळे पांढऱ्या कॉलरची सावली तिच्याखाली आरामात बसते. तिथले आकडे जसेच्या तसे घेऊन आपल्याकडच्या माणसाचं पोर्ट्रेट केलं की माणूस हमखास दोन-तीन शेड उजळ होऊन बसतो, आणि मग नातेवाईक म्हणतात छान आलंय, गोरे दिसतायत. मला ते कौतुक नकोय.

तर मी ठरवलं की घराणी दोन धरायची नाहीत, वस्तूगणिक जोड्या धरायच्या. टोपीची जोडी साडेआठ आणि ५. कातडीची जोडी ५ आणि अडीच. सदरा टोपीसारखाच पण जुना आणि मळकट, म्हणून ८ आणि साडेचार. नियम प्रत्येक जोडीच्या आत पाळायचा. एका जोडीचा दुसरीशी संबंध फक्त डोळे बारीक करून तपासायचा.

परवाच्या ३ नंबरच्या सलग सावलीवर आता टोपी आणि सदऱ्याच्या सावल्या उचलून घेतल्या, चेहऱ्याची थोडी खाली नेली. दहा मिनिटांचं काम, पण टोपी एकदम कापडाची झाली आणि चेहरा एकदम मामांच्या रंगाचा.

११ मे

मोबाईलबद्दल. कालचं तपासायला मामांचा फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट केला, तर सावलीतला गाल जवळजवळ ४ वर दिसतोय. फोनचा एचडीआर सावल्या स्वतःहून वर उचलतो आणि टोपीचा पांढरा खाली दाबतो, सगळं 'नीट दिसलं' पाहिजे म्हणून. टोनसाठी त्याच्यावर विसंबायचं नाही. कॅनव्हासचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो ठीक आहे, तो सपाट असतो आणि त्यावर उजेड एकसारखा असतो.

त्याच फोनचा खरा उपयोग बंद करून होतो. पाठ करून उभं राहायचं आणि काळ्या स्क्रीनमध्ये मामा आणि कॅनव्हास दोन्ही एकदम बघायचे. काळ्या आरशात सगळं गडद होतं, बारकावे बुडतात आणि मोठे डाग राहतात, वर उलटं दिसत असल्याने डोळा ताजा होतो.

१४ मे

आज सिटिंग नाही. दुपारी साडेबाराला गच्चीत सोसायटीतली पोरं बाटल्या उभ्या करून शून्य सावली बघत होती, मीही गेले. अशा उन्हात, वरून थेट, कुणाचंही पोर्ट्रेट करू नये. भुवयांखाली दोन काळे खड्डे आणि नाकाखाली हिटलरची मिशी, बास.

१५ मे

हाफटोन. म्हणजे उजेडाच्याच घरातला पण सावलीकडे वळत चाललेला भाग. सावळ्या चेहऱ्यात इथे जागा फार कमी असते. उजेड ५, सावली अडीच, मध्ये अडीच पायऱ्या, त्यात कपाळाचा गोलवा, गालफड, नाकाची बाजू सगळं बसवायचं. म्हणून हाफटोनला एकच ४ नंबर ठेवला आणि तो जिथे पृष्ठभाग खरंच वळतोय तिथेच लावला: कानशिलाजवळ, नाकाच्या डाव्या पाकळीच्या बाजूने, गालफडाखाली. सुरकुत्यांना हात लावला नाही. कपाळावरच्या आडव्या आठ्या कितीही मोहात पाडोत, डोळे बारीक केल्यावर त्या गायब होतात, म्हणजे या टप्प्यात त्या नाहीत.

सगळे टोन चपटे, कडा न मिसळता, फरशीसारखे शेजारी शेजारी ठेवले. मिसळायला घेतलं की दहा मिनिटांत सगळ्याचा एक साबणासारखा गुळगुळीत राखाडी होतो आणि कुठला टोन किती होता ते परत सापडत नाही.

१८ मे

सकाळपासून ढग, रात्री वळीव पडून गेला होता. मामा म्हणाले आज काय दिसणार तुला. उलट आज उजेड जास्त होता. पातळ ढगांनी भरलेलं आभाळ स्वच्छ निळ्या आभाळापेक्षा जास्त उजळ असतं, फक्त निळेपणा जातो. आणि सावलीचे आकार? ते जागेवरच होते, कारण मामांवर उजेड टाकतेय ती खिडकी, आणि खिडकी काही हलली नाही. रंगात काम करत असते तर आज थांबावं लागलं असतं. नुसत्या टोनमध्ये आहे म्हणून दोन्ही प्रकारच्या दिवशी काम करता येतंय, मोनोक्रोममध्ये ब्लॉक-इन करायचा हा फायदा कुणी फारसा सांगत नाही.

१९ मे

परावर्तित उजेड. मामांच्या उजव्या बाजूला आमची पांढरी भिंत आहे, तिच्यावरून उजेड परत येऊन सावलीतला जबडा चांगलाच उजळतोय. शाळेत इंटरमिजिएटच्या स्थिरचित्रात तांब्याच्या सावलीकडच्या कडेला एक फिकट पट्टी सोडायची असं घोकून घेतलेलं, त्यामुळे ती पट्टी दिसली की हात शिवशिवतोच. पण चेहऱ्यावर ती जरा जास्त झाली की सावली फुटते आणि जबडा पत्र्याचा वाटतो.

मामांचीच घोंगडी कपड्यांच्या स्टँडवर टाकून भिंतीसमोर उभी केली. काळी, लोकरीची, उजेड पिऊन टाकणारी. लगेच सावलीची बाजू शांत झाली, सगळी एकसंध अडीच-तीन. हनुवटीखाली मात्र सदऱ्यावरून येणारा उजेड राहिलाच, तो ठेवला, कारण तो खरा आहे आणि पांढरा सदरा घालणाऱ्या माणसाच्या गळ्याखाली तो असणारच. फक्त तीनच्या वर जाऊ दिला नाही.

घोंगडीमुळे मागची बाजूही गडद झाली आणि सावलीतला कान, मानेची कड मागच्या काळोखात हरवली. ती कड शोधून काढली नाही. टोपीच्या उजेडातल्या टोकाला मात्र धारदार कड, अख्ख्या चित्रात सगळ्यात धारदार.

२२ मे

आज ब्रश बाजूला ठेवून नुसतं बघणं. हळदणकरांच्या दिवा घेतलेल्या बाईचं प्रिंट भिंतीवर आहे, मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे आणि आजही कितीतरी लोक ते रविवर्म्याचं समजतात. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर, मॉडेल त्यांचीच मुलगी. आणि ते जलरंगात आहे! जलरंगात उजेड म्हणजे शिल्लक ठेवलेला कागद, म्हणजे चेहऱ्यावर आणि बोटांवर उजेड कुठे नि किती हे आधीच पक्कं लागतं, नंतर पांढरा थापायची सोय नाही. मी तैलरंगात आहे म्हणून साडेआठचा ढीग 'नंतर बघू' म्हणून बाजूला ठेवू शकते. ही चैन आहे.

मामांनी प्रिंट बघून विचारलं, 'दिवा तर दिसतच नाय, मग उजेड कुठनं आला?' दिवा हाताच्या आड आहे, उजेड बोटांमधून. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ऑपरेशन झाल्यापासून मला माझी टोपी निळी दिसते, आधी पिवळी दिसायची आणि तेच पांढरं वाटायचं. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं, ते काढलं की निळा परत येतो, त्यामुळे त्यांचं बरोबर आहे. शिवाय मामी नीळ घालतात. रंगाच्या टप्प्यात टोपीच्या सावलीसाठी हे लक्षात ठेवायचं.

२५ मे

हायलाइट. ब्लॉक-इनमध्ये घेऊ नयेत, पण त्यांची जागा राखायला लागते म्हणून विचार आत्ताच केला.

कातडीच्या वरच्या तेलकट थरावरून जो उजेड आरशासारखा परत येतो तो गोऱ्याच्या आणि सावळ्याच्या चेहऱ्यावर जवळपास सारखाच असतो. फरक खालच्या टोनचा. खालचा टोन ७ असेल तर त्यावर ती चमक जेमतेम कळते, खालचा ५ किंवा ४ असेल तर ती उठून दिसते. म्हणून सावळ्या चेहऱ्याचा आकार हायलाइटने जास्त कळतो आणि गोऱ्याचा हाफटोनने. मेमधला घाम आहेच मदतीला, मामांचं कपाळ, नाकाचा शेंडा, गालफड नुसतं चमकतंय. आणि ही चमक कातडीच्या रंगाची नसते, खिडकीच्या रंगाची असते, म्हणजे आभाळाची निळसर.

हे आत्ताच ठरवायचं कारण असं की चमक बघून उजेडाचा अख्खा टोन वर न्यायची इच्छा होते. पंधरा तारखेपासून कपाळ ५ वर आहे, ते ५ वरच राहील, चमक वरून साडेसातची छोटी ठिगळं होऊन येईल. पॅलेट नाइफच्या टोकावर रंग घेऊन कॅनव्हाससमोर धरून बघितलं, टोपीपेक्षा खाली बसतेय. ठीक.

२८ मे

ब्लॉक-इन इथे थांबवला. दारातून, म्हणजे पंधरा-सोळा फुटांवरून, मामा ओळखू येतात, डोळे काढलेले नसताना. टोपीची सावलीतली घडी आणि कपाळ अजूनही एकाच टोनचे आहेत, शिवण हरवलेली, आणि तरी एक कापड वाटतं नि दुसरं कातडी. कशामुळे, तर त्यांच्या शेजारच्या टोनमुळे, टोपीच्या सावलीला लागून साडेआठ आहे आणि कपाळाला लागून अडीच.

पुढचं: टिटॅनियम हळू वाळतं, उजेडाचे भाग अजून चिकटतायत, दहा दिवस तरी भिंतीकडे तोंड करून ठेवणार. मग रंग. यलो ऑकर, एक गरम लाल, आयव्हरी ब्लॅक, पांढरा, झॉर्न या स्वीडिश चित्रकाराच्या पद्धतीचं छोटं पॅलेट. ऑकरच्या शेजारी काळा-पांढरा मिक्स निळा दिसतो, टोपीच्या सावलीला तेवढा पुरेल बहुतेक. पहिल्या थरात तेल जवळपास नव्हतंच, आता थोडं थोडं जवसाचं तेल वाढवत जायचं, उलटं केलं तर वरचा थर तडकतो.

मामा परवा गावी जातायत. टोपी ठेवून जा म्हटलं तर मामींनी कडक इस्त्रीची नवी काढून दिली. ती नको, डोक्यावर बसून मऊ झालेली तीच पाहिजे, तिच्या घड्या वेगळ्या पडतात. शेवटी अदलाबदल झाली. आता तिच्यात वर्तमानपत्र कोंबून खिडकीपाशी मामांच्या उंचीवर टांगायचीय, आणि बघायचं नऊ ते चारमध्येच.